चाळीस ग्रॅम

दुकानदार म्हणाला, सुटा मिळत नाही बाई,
जोडीच घ्यावी लागते.
म्हणून मडगावहून दोन वाडगे आणले.
वाडगे कसले, दोन नारिंगी पत्रे,
शाळेच्या पाटीएवढे,
अंगावर रेघा आणि आकडे:
एक इथे दुमडा, दोन इथे वळवा,
तीन, हे बटण त्या भोकात.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला.
चाळीस ग्रॅम.
बत्तीस वर्षं कुडचड्याच्या आरोग्यकेंद्रात
दुसऱ्यांची पोरं तोलली मी,
माझा काट्यावर विश्वास आहे,
गुडघ्यांवर नाही.
म्हणून टॉवेल अर्धा कापला,
टूथब्रशची दांडी मोडली,
स्टीलची थाळी फडताळात परत ठेवली.
ती ठेवताना जी वाजली,
तो आवाजसुद्धा जड वाटला मला.

प्रभाकर म्हणाले, जेवायला घर आहे की,
डोंगरात कशाला?
दर खेपेला म्हणतात हे,
आणि दर खेपेला बसस्टँडपर्यंत
सॅक तेच उचलतात.

नेत्रावळीत सोयरू वेळीप आमच्या पुढे चालला.
खांद्यावर कोयता, पायांत रबरी चपला,
पाठीवर काहीच नाही.
जानेवारीतला ओहोळ,
अर्धा पाणी, अर्धा गुळगुळीत दगड.
संध्याकाळी त्याच्या कुळागराच्या कडेला
तीन दगड मांडले,
पण सोडणं ओली होती.
धूर नुसता,
डोळे चोळणारी आठ माणसं.

माझ्या सॅकच्या खिशातून नारिंगी कोपरा डोकावत होता.
दाखय पळोवया, सोयरू म्हणाला,
आणि विचारायच्या आत
पत्रा सरळ करून
चुलीला वारा घालू लागला.
आग धरली.
मग त्याच पत्र्यावर त्याने कांदा चिरला,
कोयत्याची एक रेघ उमटली,
कंपनीच्या रेघांना छेद देऊन गेली.
मग झटकून माझ्या हातात दिला,
घे, आता जेव.

आमच्यातल्या एका बाईने फार हौसेने विचारलं,
तुम्ही पानांत जेवत असाल ना, पोयेच्या द्रोणात?
सोयरूने जाळ सारखा केला.
आवयला यायचे करायला, म्हणाला,
मी सांग्याहून कागदी प्लेटी आणतो,
सत्तर रुपयांना शंभर.
ती बाई गप्प झाली.
तिने फोटो काढायला मोबाइल वर केला होता,
तो तसाच खाली घेतला.

पेज वाढली, उकड्या तांदळाची,
वर सुक्या सुंगटांची किसमूर.
घाईत मी दोनच्या आधी तीन केलं.
बटण सुटलं,
वाडग्याचा पुन्हा पत्रा झाला
आणि पेज माझ्या बुटांवर.
सोयरूच्या कुत्र्याने लेस नीट चाटून घेतल्या,
बत्तीस वर्षांत असं कुणी
माझ्या पायाशी बसलं नव्हतं.

दुसरा वाडगा अजून वेष्टनात होता.
तो मी सोयरूला दिला.
त्याने आकडे वाचले नाहीत,
रेघा अंगठ्याने चाचपल्या
आणि पहिल्या खेपेत घडवला.
जेवला, ओहोळावर धुतला,
सपाट करून वेष्टनात घालून
परत केला.
ठेव म्हटलं, तर म्हणाला,
घरी सहाजण आम्ही. एकट्यानेच नारिंगीत जेवू?

आठवड्याने प्रभाकर
चश्म्याची पावती शोधत होते.
फायलींच्या मध्ये त्यांना तो सापडला,
सोयरू जेवला तो.
उघडला, हुंगला,
धुराचा वास येतोय म्हणाले.
घडीच्या खाचेत एक शीत होतं,
तांबूस, वाळून खड्यासारखं.
त्यांनी ते नखाने काढलं,
काट्यावर ठेवलं.
काट्याने शून्य दाखवलं.
पुन्हा ठेवलं. शून्य.

मग ते खुर्चीत बसले
आणि वाडगा दुमडू लागले,
जीभ दातांत धरून,
दोनच्या आधी तीन.
मी काही बोलले नाही.